मिरगाआधीचं तेल

कॉम्प्युटर चालू होईना, तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याच्या डब्यावर एक सणसणीत थाप मारली. आमच्या घरात टीव्हीला अशीच थाप मारायची पद्धत होती आणि टीव्ही ती मुकाट्याने मानायचा. ह्याने मानली नाही. समोरचा हिरवा दिवा लागला होता, आतला पंखा घरघरत होता, पण पडदा काळाठिक्कर. आणि आतून थांबून थांबून एक लांबलचक पींऽ ऐकू येत होतं.

ही २००३च्या जूनमधली गोष्ट. मालवणच्या दक्षिणेला, समुद्राला अगदी लागून असलेल्या वाडीत बाबा आणि मी दोघंच राहत होतो. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मोठा भाऊ पनवेलला नोकरीला होता आणि त्याचं म्हणणं सरळ होतं: होडी विका, घराला कुलूप लावा आणि दोघंही माझ्याकडे या. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्याच्या फ्लॅटमध्ये बाबांना आठ दिवस राहिलेलं मी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी घरातले सगळे नळ उघडून साफ केले, दुसऱ्या दिवशी छताचा पंखा उतरवला, तिसऱ्या दिवशी मिक्सर खोलला. चौथ्या दिवशी वहिनीने अगदी गोड आवाजात सांगितलं, बाबा, आता राहू दे. उरलेले दिवस ते बाल्कनीत नुसते बसून राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

गुडघ्यांमुळे बाबांनी समुद्रावर जाणं सोडलं होतं, पण त्यांचं काम सुटलं नव्हतं. आमच्या आणि आजूबाजूच्या दोन वाड्यांमधल्या होड्यांची इंजिनं दुरुस्तीला आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, यायची. बाबा आधी इंजिनाला कान लावायचे, मग पाना हातात घ्यायचे. त्यांनी नाही म्हटलं तरच लोक इंजिन मालवणला न्यायचे, आणि तसं मला वाटतं कधी झालंच नव्हतं. त्यांच्या हाताला हे काम राहावं म्हणून मला वाडी सोडायची नव्हती. माझी स्वतःची म्हणाल तर शहराला काही ना नव्हती.

म्हणून मी भावाकडून एक वर्ष मागून घेतलं. कणकवलीला जाऊन मी डीटीपी शिकले होते. घरी बसून टायपिंगची कामं करते, घर चालवून दाखवते. नाही जमलं तर तू गणपतीला येशील तेव्हा सामान बांधू, असा शब्द मी त्याला देऊन बसले. बाबांना यातलं काही सांगितलं नाही. कुडाळच्या एका दुकानातून जुळवून घेतलेला कॉम्प्युटर घरी आला तेव्हा तो आणणारा दुकानदार, बघायला जमलेली अर्धी वाडी आणि मी, सगळे पडद्याकडे बघत होतो. बाबा तेवढे दुकानदाराच्या हातांकडे बघत होते. कुठला स्क्रू कुठे, कुठली पट्टी कुठे बसते, कुठे टक् असा आवाज येतो, सगळं त्यांनी टिपून घेतलं होतं. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

पहिले काही महिने लग्नपत्रिका आणि अर्ज यांवर गेले. मग आमच्या हायस्कूलला पन्नास वर्षं झाली आणि त्यांच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. शंभरावर पानं. त्यातली पंधरा एका निवृत्त गुरुजींचीच, आणि त्यांना प्रत्येक प्रूफमध्ये एखादा नवा प्रसंग आठवायचा. तरीही काम अंगाशी न येता संपत आलं. छापखाना कुडाळचा. त्यांनी बजावून सांगितलं होतं की सोमवारी फाईल हातात मिळाली तर स्मरणिका गणपतीआधी निघेल, नाहीतर दिवाळी. शाळेने काम नीट झालं तर परीक्षेचे पेपरही मलाच द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे आमचं वाडीत राहणं त्या सोमवारवर येऊन ठेपलं होतं, आणि कॉम्प्युटरने पींऽ म्हटलं तो वार गुरुवार होता.

फायलींच्या प्रती ठेवल्या नव्हत्या असं नाही. तीन फ्लॉप्या होत्या. आमच्याकडच्या दमट हवेत त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली होती, आणि तिन्ही मिळून पहिली वीस पानं तरी निघाली असती की नाही, देव जाणे.

थाप वाया गेल्यावर मी शहाण्यासारखी वागले. प्लग काढून दुसऱ्या बोर्डात लावला. मागच्या सगळ्या वायरी उपसून पुन्हा खोचल्या. पडद्याची वायर काढली, फुंकली, लावली. व्होल्टेज कमी असेल म्हणून शेजारी जाऊन त्यांचा फ्रिज चालू आहे का विचारून आले. परत आले तर शेजारणीचं मांजर कॉम्प्युटरच्या डब्याला अंग घासत होतं. गेले चार दिवस ते तिथेच घुटमळत होतं. मला वाटलं, डबा गरम असतो म्हणून येत असेल. त्याला हाकललं आणि पुन्हा बटण दाबलं. पींऽ.

बाबा दारातून बघत होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, मी काही नाही म्हटलं. तरी ते आत आले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश वाकले आणि त्यांनी डब्याला कान लावला.

“श्वास घेता,” ते म्हणाले, “पण पेटना नाय. खंय तरी वाटेत अडाकला.”

हे इंजिन नाही, असं मी तुटकपणे सांगितलं आणि कुडाळच्या दुकानदाराला फोन लावला. आता आठवतं तेव्हा हसू येतं, कारण बाबांचं निदान शब्दन् शब्द खरं होतं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि मला फोनचा रिसीव्हर डब्याजवळ धरायला सांगितला. मी तो धरून जमिनीवर बसले. तीनदा पींऽ झाल्यावर त्याने पलीकडून ओरडून मला परत बोलावलं. रॅमची पट्टी आहे, म्हणाला. घाबरायचं काम नाही, खाऱ्या हवेत पट्टीच्या दातांवर मळ धरतो, मग त्यातून पुढे काही जात नाही. प्लग काढा, अंगातली स्थिर वीज उतरायला खिडकीच्या गजाला हात लावा, डब्याची डावी बाजू उघडा, हिरवी पट्टी निघेल, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासा आणि टक् होईपर्यंत परत दाबा. माझा जीव भांड्यात पडला.

स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले. याचं मला नवल वाटायला हवं होतं, कारण आमच्याकडे सहा महिने जुना स्क्रू पान्याशिवाय हलत नाही. पण मी घाईत होते. पत्रा बाजूला केला आणि आतून जो वास आला, तो ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. लहानपणापासून दर मे महिन्यात तोच वास घरभर असायचा.

आमच्याकडे मिरगाआधी, म्हणजे पाऊस धरण्यापूर्वी, घरातल्या आणि होडीवरच्या झाडून सगळ्या लोखंडाला तेल लावतात. दाराच्या बिजागऱ्या, कड्या, कुलपं, विळ्या, रहाटाचा कणा, शिलाई मशीन, काही म्हणून सुटत नाही. जे सुटतं ते गणपतीपर्यंत गंजून जातं. इतर घरांत हल्ली मिळेल ते तेल लावत; बाबा मात्र मुशी माशाच्या काळजाचं तेल वापरायचे, होडीच्या लाकडाला लावतात तेच. ते वाळून त्याचा चिकट पापुद्रा धरतो आणि पावसाचं किंवा समुद्राचं पाणी आत जाऊ देत नाही. मे अखेरीस मी मामेबहिणीच्या लग्नाला दोन दिवस वैभववाडीला गेले होते. त्या दोन दिवसांत बाबांनी आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं उरकली होती, आणि घरातलं सगळ्यात नवं, सगळ्यात महाग लोखंड त्यांनी कसं बरं सोडलं असतं?

काम त्यांनी नेहमीप्रमाणे जीव ओतून केलं होतं. पत्र्याच्या कडा, आतली चौकट, पंख्याची जाळी, एकूण एक स्क्रू, सगळ्यांवर पातळ पिवळसर थर. हिरवी पट्टी त्यांनी बाहेर काढली होती, तिच्या दातांवर तेल फिरवलं होतं, आणि टक् होईपर्यंत परत बसवली होती. ओलं होतं तोवर यंत्र आठवडाभर चाललं. मग तेल वाळलं.

मी पुन्हा फोन लावला. आत तेल आहे म्हटल्यावर दुकानदाराने कसलं तेल म्हणून विचारलं. माशाचं, मी म्हटलं. मग त्याने अगदी हळू विचारलं की तळणाचं सांडलं का. मी खरं काय ते सांगितलं. त्याने आता बटणाला हात लावू नका असं सांगितलं. स्पिरिटने पुसून बघा, पण बोर्ड गेला असेल तर फायलींचंही मी आत्ता काही सांगू शकत नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

फायलींचं सांगू शकत नाही, एवढंच माझ्या कानात राहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा खळ्यात एका होडीवाल्याचं इंजिन उघडून बसले होते. तो माणूस बाजूला उभा होता. त्याच्यासमोरच मी विचारलं, कॉम्प्युटर तुम्ही खोललात का. बाबांनी मान वर केली. लपवण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे त्यांनी सहज सांगितलं.

“लावलंय तेल. मीठ खाता गो त्येका. दात हिरवे पडले असते.”

“ह्यो काय होडी न्हय, बाबा,” मी म्हटलं. “कोणी सांगल्यान तुमका हात लावूक?”

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ एकदा सुटली की सुटली. शाळेचं काम गेलं, म्हटलं. शंभर पानं गेली. भावाला दिलेला शब्द गेला. गणपतीला तो येईल आणि आपल्याला घेऊन जाईल, बसा तिकडे. वर्षभर जे त्यांच्यापासून लपवलं होतं ते मी दोन मिनिटांत, परक्या माणसादेखत, त्यांच्या अंगावर फेकलं. तो होडीवाला दुसरीकडे बघायला लागला. वहिनीने निदान आवाज गोड ठेवला होता.

बाबांनी फडक्याला हात पुसले, त्या माणसाला इंजिन उद्या होईल म्हणून सांगितलं आणि आत जाऊन सदरा घातला. मला वाटलं, देवळाकडे जाऊन बसतील. ते मालवणला गेले होते. तीन तासांनी एसटीने परत आले, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि स्पिरिटच्या दोन बाटल्या आणि कापसाचा पुडा त्यांनी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला. फोनवर मी दुकानदाराला ‘स्पिरिट?’ म्हणून विचारलेलं त्यांनी ऐकलं होतं. आत या म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. रागाचा अर्धा भाग ओसरला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर मी अडून बसले होते.

शुक्रवारचा सगळा दिवस मी कापूस, स्पिरिट आणि दात घासायचा एक नवा ब्रश घेऊन त्या डब्यासमोर बसून काढला. पट्टी चार वेळा पुसली, मग खोडरबराने घासली. पट्टी बसते त्या खाचेत ब्रश घालून घालून तेलाचा पापुद्रा काढला. तो नखाखाली मेणासारखा येत होता. मांजर दाराबाहेर ठाण मांडून बसलं होतं. बाबा खळ्यात त्या माणसाचं इंजिन जुळवत होते, आणि एरवी काम करताना ते जे काहीबाही पुटपुटत, तसलं काही ऐकू येत नव्हतं. सगळं पुसून झाल्यावर डब्याकडे टेबलफॅन लावून ठेवला आणि शनिवारी सकाळपर्यंत त्याला हात लावला नाही.

शनिवारी बटण दाबलं. एकच बारीकसा पिं झाला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. फाईल उघडली. निवृत्त गुरुजींची पंधराच्या पंधरा पानं जागेवर होती. मी खुर्चीत बसून चक्क रडले, आणि बाबांना हाक मारली. ते आले, पण उंबऱ्यापाशीच थांबले. हात पाठीमागे बांधलेले. तिथूनच वाकून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, चांगलं झालं म्हणाले आणि परत फिरले.

फ्लॉप्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. सोमवारी डबाच गोणपाटात बांधला, वरून प्लास्टिक गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन कुडाळला गेले. आधी दुकानात. दुकानदाराने डबा उघडून बॅटरीच्या उजेडात आत बराच वेळ पाहिलं. मी कानकोंडी होऊन उभी होते. तो म्हणाला की किनाऱ्यावरून येणाऱ्या डब्यांचे स्क्रू त्याला ड्रिल लावून तोडावे लागतात, दोन पावसाळ्यांत आतली चौकट चाळणी होते. या डब्यात गंजाचा एक ठिपका नाही. तेल फक्त त्या दातांना लावायला नको होतं, बाकी ज्याने हे केलं त्याचा हात चांगला आहे. मग त्याने फाईल सीडीवर उतरवून दिली आणि मी ती छापखान्यात पोचवली.

घरी आल्यावर दुकानदाराचं म्हणणं मी बाबांना सांगितलं, पण कसं, तर जेवण वाढता वाढता, हसण्यावारी नेऊन. चूक माझी झाली, हे वाक्य त्यात नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि सोलकढी मागितली.

स्मरणिका वेळेवर निघाली. गणपतीला आलेल्या भावाने ती चाळली, आतल्या पानावर माझं नाव बघितलं आणि राहा इथेच, म्हणाला. आम्ही राहिलो. माझं काम वाढलं, दुसरा कॉम्प्युटर आला, मग तिसरा. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं.

पण माझ्या खोलीत बाबा हात पाठीमागे बांधूनच येत राहिले. आधी मला ते लक्षात येत नसे. पुढच्या मे महिन्यात मी त्यांना म्हटलं की डबा उघडून द्या, मीठ पुसून काढा, चौकटीला तेल लावा, दात तेवढे सोडा. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला त्यातलं काही कळत नाही म्हणाले. मला वाटलं, रुसलेत. मीही मग फार धरून बसले नाही. मी स्वतःच तो उघडायला शिकले. त्यांची बाकीची कामं चालूच होती. बिजागऱ्या होत्या, इंजिनं होती. फक्त एखादं अवघड इंजिन आलं की ते आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ कान लावून बसायचे, आणि खोलायच्या आधी मालकाला दोनदा विचारायचे.

२००७च्या सुमारास नव्या तऱ्हेची इंजिनं आमच्या बाजूला यायला लागली. एका सकाळी तोच होडीवाला, ज्याच्यादेखत मी तोंड सोडलं होतं, असलं एक नवं इंजिन खांद्यावरून घेऊन आला. वरचं झाकण काढल्यावर आत वायरींचं जाळं आणि एक काळी डबी दिसत होती. बाबा उभे राहून बघत होते. मग त्यांनी सांगितलं की हे मला जमणार नाही, मालवणला ने. त्या माणसाला खरं वाटेना. नुसता कान तरी लावा, तो म्हणाला. बाबांनी कान लावला नाही.

तो गेल्यावर मी बाहेर आले. चार वर्षं उशिरा, पण मी ते वाक्य बोलले. तेव्हा माझी चूक होती, तुम्ही केलंत ते बरोबर होतं, माझ्या रागावर जाऊ नका.

बाबांना माझं बोलणं आधी कशाबद्दल आहे तेच कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांना माझं वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मला बसायला सांगितलं.

“तुज्या रागाचा काय नाय गो बाय,” ते म्हणाले. आवाज अगदी सरळ, इंजिनाचं दुखणं मालकाला सांगताना असायचा तसा. “राग माका कळता. पण तुजा सगळा काम माज्या हातान मोडला असता, आणि तेल लावताना माका वाटलेला, मी चांगलाच करतंय. तेवापासून माका हाताचो भरवसो नाय.”